सात लिनक्स सर्व्हर ब्राउझरमधून सांभाळायचे तर: पॅनल कोणतं घ्यावं आणि त्याचं दार कुठे उघडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सात लिनक्स सर्व्हर आहेत: चार उबुंटू, दोन रॉकी लिनक्स, एक डेबियन. तीनवर वेबसाइट्स, दोनवर डेटाबेस, एकावर डॉकरचे कंटेनर (वेगवेगळ्या डब्यांत बंद करून चालवलेले प्रोग्राम) आणि एक बॅकअपसाठी. विचारणाऱ्याला टर्मिनल (आज्ञा टाइप करून काम करायची खिडकी) येतं, पण सोबतच्या दोघांना टर्मिनलमध्ये काही करायचं म्हटलं की धास्ती वाटते. ब्राउझरमधून सगळं सांभाळता येईल असं एकच वेब पॅनल कोणतं, आणि ते बसवल्यावर एसएसएच (टर्मिनलमधून दूरच्या सर्व्हरवर लॉगइन करायची वाट) बंद केलं तर सर्व्हर जास्त सुरक्षित होतील का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण तिथे चूक झाली तर ती दुरुस्त करायला सर्व्हरपर्यंत पोहोचताच येत नाही. एसएसएच बंद करू नका. पासवर्डने लॉगइन बंद करा, फक्त ‘की’ (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली-फाईल) ठेवा, रूटला (सगळे अधिकार असलेल्या खात्याला) थेट आत येऊ देऊ नका, पण ती वाट राहू द्या. ओपनएसएसएच, म्हणजे एसएसएचसाठी लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा प्रोग्राम, १९९९ पासून चालत आलंय. त्याचा कोड जगभरातली जाणकार मंडळी सतत डोळ्यांत तेल घालून तपासतात, आणि अनोळखी माणसाशी बोलणारा त्याचा भाग मुद्दाम कमी अधिकारांत चालवला जातो. त्यातही चुका निघतात, जुलै २०२४ मध्ये एक गंभीर चूक निघालीच होती. पण वेब पॅनलमध्ये लॉगइनचं पान असतं, सेशन असतं, कुकी असते, जावास्क्रिप्ट असते, फाईल अपलोड असतं, आणि या सगळ्याच्या मागे रूटचे अधिकार असतात. चुकायला जागा कितीतरी जास्त. एसएसएच काढून त्याच्या जागी पॅनल ठेवलं तर धोका कमी होत नाही, वाढतो.

पहिल्या भागाचं उत्तर: मी तुमच्या जागी असतो तर सातही सर्व्हरवर (बॅकअपचा वगळला तर उत्तमच, त्याबद्दल शेवटी) कॉकपिट हे सर्व्हर सांभाळायचं वेब पॅनल बसवलं असतं, त्याचं पोर्ट (जाळ्यावरून प्रोग्रामपर्यंत पोहोचायचं क्रमांकित दार) इंटरनेटला न दाखवता वायरगार्ड या व्हीपीएनच्या, म्हणजे कूटबद्ध खासगी जाळ्याच्या, आत ठेवलं असतं, आणि होस्टिंग पॅनलचा (साइट्स, मेल, डेटाबेस सगळं एकत्र चालवणाऱ्या पॅनलचा) विचार फक्त वेबसाइट्सच्या तीन सर्व्हरसाठी, तोही खरी गरज असेल तरच, केला असता. आता कारणं सांगतो. तुमची गरज थोडी वेगळी निघाली तर निर्णयही बदलेल, म्हणून कारणं जास्त महत्त्वाची.

कोणतंही पॅनल समोर आलं की मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: हे पॅनल उद्या काढून टाकलं तर सर्व्हर आहे तसा चालू राहील का? काही पॅनलं सर्व्हरवर पाहुण्यासारखी राहतात. जे आहे ते दाखवतात, सांगितलं तेवढं बदलतात, आणि गेली तर मागे काही सांडून जात नाहीत. काही पॅनलं मात्र घरमालक होतात. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंगच्या फायली ती लिहितात, मेलबॉक्स ती बनवतात, डीएनएसच्या (साइटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेच्या) नोंदी ती ठेवतात, आणि या सगळ्याची मूळ नोंद त्यांच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असते. सर्व्हरवरच्या फायली म्हणजे त्या डेटाबेसची फक्त छापील प्रत. तुम्ही प्रतीवर कितीही सुंदर अक्षरात दुरुस्ती केलीत तरी पुढच्या छपाईत ती जाणार.

हे मला एका सर्व्हरवर नीट कळलं. होस्टिंग पॅनल असलेला सर्व्हर होता, त्यावरच्या एका साइटवर मोठा अहवाल तयार व्हायला दीडएक मिनिट लागायचं. एनजिनएक्स मागच्या प्रोग्रामच्या उत्तरासाठी मूळ सेटिंगप्रमाणे ६० सेकंदच थांबतो, म्हणून मी त्या साइटच्या फाईलमध्ये ती मर्यादा ३०० केली, सेवा रीलोड केली, अहवाल आला, सगळे खूश. दोन महिन्यांनी फोन आला: अहवाल पुन्हा अडकतोय. ब्राउझरमध्ये पाहिलं तर बरोबर ६० व्या सेकंदाला ५०४, म्हणजे वाट पाहायची वेळ संपल्याची चूक. फाईल उघडली तर माझी ओळच गायब, आणि फाईलची तारीख आदल्या पहाटेची. त्या साइटचं लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेकडून घेतलेलं प्रमाणपत्र (सुरक्षित जोडणीसाठी साइटची ओळख पटवणारं) ९० दिवसांचं होतं आणि ते साधारणपणे ६० व्या दिवशी नवं करून घेतलं जायचं. त्या नूतनीकरणात पॅनलने फाईल पुन्हा लिहिली होती. पॅनलच्या बाजूने काहीच चुकलं नव्हतं, ते त्याच्या पद्धतीने वागलं. अशा पॅनलमध्ये आपल्या जादा ओळींसाठी वेगळी जागा दिलेली असते, एक तर पॅनलच्याच पानावर किंवा मुख्य फाईलमध्ये जोडून घेतल्या जाणाऱ्या छोट्या फाईलमध्ये. ती जागा पहिल्या दिवशी शोधून ठेवावी, आणि त्या सर्व्हरवर थेट फाईल उघडायची सवय सोडून द्यावी. एका सर्व्हरला दोन लिहिणारे हात असले की हे होणारच.

सीपॅनल, प्लेस्क, डायरेक्टअॅडमिन, आयएसपीकॉन्फिग, हेस्टिया, व्हर्च्युअलमिन ही सगळी या होस्टिंगच्या जातीची. ती वाईट नाहीत. पन्नास वेगवेगळ्या लोकांच्या साइट्स एका सर्व्हरवर असतील, प्रत्येकाला आपापला मेल, आपापला डेटाबेस, आपापला पासवर्ड हवा असेल, तर हे सगळं हाताने करणं वेडेपणाचं आहे आणि त्यासाठीच ही पॅनलं जन्मली. सीपॅनल तर १९९६ पासून आहे. पण तीन सर्व्हरवर तुमच्याच आठ-दहा साइट्स असतील तर एवढा मोठा कारभारी नेमायची गरज नाही. शिवाय अशी पॅनलं रिकाम्या, नव्या सर्व्हरवरच बसवायची असतात. चालू सर्व्हरवर मधूनच बसवलीत तर आधीच्या फायलींची आणि त्यांच्या फायलींची गाठ पडते आणि ती सोडवताना दिवस जातो.

आता कॉकपिटकडे येतो, कारण तुमचं बहुतेक काम तिथेच होणार आहे.

कॉकपिट रेड हॅटच्या पाठबळावर वाढलेला मुक्त प्रकल्प आहे. रॉकीवर ते सॉफ्टवेअरच्या अधिकृत भांडारातच मिळतं, अनेकदा आधीच बसलेलं असतं, फक्त त्याचा सॉकेट (जोडणीची वाट पाहणारं ठिकाण) चालू करायचा असतो. डेबियन आणि उबुंटूवरही अधिकृत भांडारात आहे. तिथे नवी आवृत्ती हवी असेल तर बॅकपोर्ट्समधून (जुन्या लिनक्ससाठी बांधलेल्या नव्या आवृत्त्यांच्या भांडारातून) घ्यावी, प्रकल्पाचे लोकही तेच सुचवतात. पोर्ट ९०९०. पण खरी गंमत त्याच्या बांधणीत आहे. कोणी पान उघडेपर्यंत कॉकपिट चालूच नसतं. सिस्टिमडी, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा चालू-बंद करणारा प्रोग्राम, त्या पोर्टवर कान देऊन बसलेला असतो, कोणी आलं की तो कॉकपिटला उठवतो, आणि सगळे बाहेर पडले की थोड्या वेळाने ते पुन्हा झोपतं. लॉगइन होतं ते सर्व्हरवरच्या नेहमीच्या युजरनेच, पॅम या लिनक्सच्या लॉगइन तपासणाऱ्या यंत्रणेमार्फत. कॉकपिटचा स्वतःचा युजरांचा डेटाबेस नाही, स्वतःचे पासवर्ड नाहीत. तुम्ही आत गेलात की तुमच्याच नावाने एक छोटा प्रोग्राम चालू होतो, आणि ब्राउझरमधून तुम्ही जे काही करता ते तो तुमच्याच अधिकारांत करतो. सर्व्हिस सुरू करायची तर सिस्टिमडीला सांगतो, नेटवर्क बदलायचं तर नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामला सांगतो. स्वतः काही साठवत नाही. म्हणून एखादी सर्व्हिस तुम्ही टर्मिनलवरून बंद केलीत तर कॉकपिटच्या पानावर ती तुमच्या डोळ्यांदेखत बंद झालेली दिसते. दोन्हीकडे एकच सत्य.

तुमच्या दोन सहकाऱ्यांसाठी ही बांधणी फार सोयीची आहे. ज्याला सुडोचा (रूट म्हणून आज्ञा चालवायचा) अधिकार नाही त्याला कॉकपिटमध्येही नाही. तो लॉग वाचू शकतो तेवढे वाचेल, डिस्क किती भरली ते पाहील, पण सर्व्हिस बंद करू शकणार नाही. ज्याला अधिकार आहे त्यालाही पानाच्या वरच्या बाजूला ‘मर्यादित प्रवेश’ असं दिसतं आणि प्रशासकाचे अधिकार तिथून वेगळे मागून घ्यावे लागतात. मी लोकांना सांगतो की पाहायला जाताना मर्यादितच राहा. नुसतं पाहायला गेलेल्या माणसाच्या हातून चुकीच्या बटणावर क्लिक होतं.

नेटवर्कच्या पानाबद्दल थोडं थांबून सांगतो. दूरच्या सर्व्हरचा आयपी (जाळ्यावरचा पत्ता) किंवा गेटवे (बाहेर जायच्या वाटेचा पत्ता) बदलणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम, कारण ज्या फांदीवर बसलोय तीच कापत असतो. टर्मिनलवर एक आकडा चुकला की कर्सर थिजतो, आणि मग डेटा सेंटरमधल्या माणसाला फोन करून सर्व्हरपुढे कीबोर्ड लावायला सांगावं लागतं. मी हे केलंय. नंतर एकदा कॉकपिटमधून गेटवे बदलताना शेवटचा आकडा चुकला. बटण दाबलं, पान करडं झालं, जोडणी तपासली जात असल्याचं दिसलं, काही सेकंद काहीच हललं नाही, आणि मग जुनी सेटिंग परत आली. सोबत सूचना: हा बदल केलात तर सर्व्हरशी संबंध तुटेल, तरी करायचा का? नेटवर्कमॅनेजर बदलाआधी एक खूण करून ठेवतो आणि ब्राउझरकडून ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही तर त्या खुणेपर्यंत मागे जातो. त्या दिवशी तो आकडा दुरुस्त करायला मला अर्धं मिनिट लागलं. मात्र हे संरक्षण नेटवर्क नेटवर्कमॅनेजरच्या ताब्यात असेल तेव्हाच मिळतं. तुमच्या उबुंटू सर्व्हरवर बहुधा ते नेटप्लॅन या उबुंटूच्या सेटिंग टूलमार्फत सिस्टिमडी-नेटवर्कडी या दुसऱ्या प्रोग्रामच्या ताब्यात असणार, आणि मग कॉकपिटला त्या नेटवर्क कार्डाला हात लावता येणार नाही. उबुंटूसाठी नेटप्लॅनचीच ‘ट्राय’ ही आज्ञा वापरा. ती बदल लावून १२० सेकंद तुमच्या होकाराची वाट पाहते आणि होकार आला नाही तर जुनं परत आणते.

कॉकपिटच्या मर्यादाही सांगायला हव्यात. साइट बनवणं, मेल सर्व्हर, डीएनएस, डेटाबेसचे युजर हे त्याचं काम नाही. ते सर्व्हर पाहतं: सर्व्हिसेस, लॉग, डिस्क, युजर, अपडेट, आभासी मशिन्स, पॉडमन या डॉकरसारख्या टूलचे कंटेनर. डॉकरसाठीचा जुना भाग प्रकल्पाने केव्हाच सोडून दिला आहे.

बाइंड (डीएनएस), पोस्टफिक्स (मेल), अपाची (वेब सर्व्हर) यांच्या सेटिंगसाठीही ब्राउझरच हवा असेल तर वेबमिन आहे. जेमी कॅमेरन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प पर्लमध्ये लिहिलेला आहे, पोर्ट १००००. पसारा अवाढव्य, जुन्या सेवांसाठीही पान सापडतं. आणि तेही बऱ्यापैकी पाहुण्यासारखं वागतं: स्वतःच्या डेटाबेसमधून छापत बसत नाही, थेट मूळ फाईल वाचून तेवढीच ओळ बदलतं, तुमच्या टिपा तशाच ठेवतं. फक्त एक फरक मोठा आहे. वेबमिनचा वेब सर्व्हर सतत चालू असतो आणि रूट म्हणून चालतो. त्याच्या लॉगइनच्या पानातच चूक निघाली तर मध्ये अडवणारं कोणी नाही.

आणि तसं घडलंही. ऑगस्ट २०१९ मध्ये उघड झालं की वेबमिनच्या १.८९० ते १.९२० या आवृत्त्यांच्या सोर्सफोर्ज या डाउनलोडच्या साइटवरच्या फायलींमध्ये कोणीतरी चोरदरवाजा घुसवला होता. पासवर्ड बदलण्याच्या पानावर खास मजकूर पाठवला की लॉगइन न करताच रूट म्हणून आज्ञा चालत होती. १.८९० मध्ये तर मूळ सेटिंगमध्येच हे शक्य होतं, पुढच्या आवृत्त्यांत मुदत संपलेला पासवर्ड बदलू देण्याची सोय चालू असेल तर. गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरचा मूळ कोड स्वच्छ होता. शिरकाव झाला होता तो पॅकेज तयार करणाऱ्या मशिनवर, तोही २०१८ मध्ये. म्हणजे वर्षाहून जास्त काळ लोक अधिकृत जागेवरून फाईल उतरवत होते, नियमाने अपडेट करत होते, आणि तरीही उघडे होते. त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं. वेबमिनच्या मंडळींनी १.९३० काढून ते दुरुस्त केलं आणि काय घडलं ते खुलेपणाने लिहिलं. मी आजही दोन ठिकाणी वेबमिन वापरतो. पण ज्यांचं १०००० पोर्ट बाहेरून पोहोचण्यासारखं नव्हतं, त्यांच्यापर्यंत इंटरनेटवरून तो चोरदरवाजा वापरायला कोणी पोहोचूच शकत नव्हतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबरपॅनल या होस्टिंग पॅनलच्या बाबतीत असंच झालं. लॉगइनशिवाय आज्ञा चालवता येणाऱ्या चुका जाहीर झाल्या आणि इंटरनेटवर उघडी असलेली सुमारे २२ हजार पॅनलं हल्ल्याच्या तोंडी आली. कित्येक सर्व्हरवरच्या फायली खंडणीसाठी कुलूपबंद केल्या गेल्या. पुढच्या वर्षी नाव दुसरं असेल. म्हणून ‘सगळ्यात सुरक्षित पॅनल कोणतं’ यावर मी फारसा वेळ घालवत नाही. दार कुठे उघडतं यावर घालवतो.

पॅनलचं पोर्ट इंटरनेटवर उघडं नको. पोर्टचा क्रमांक बदलून काही साधत नाही, अख्ख्या इंटरनेटची सगळी पोर्टं चाळणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. रॉकीवर तर क्रमांक बदललात की एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेलाही वेगळं कळवावं लागतं, फुकटचा ताप. कोणाला सुचणार नाही असं उपडोमेन घ्यायचं, हा उपायही लोक करतात. त्याचा उपयोग नाही, कारण त्या उपडोमेनसाठी प्रमाणपत्र घेतलंत की ते नाव प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदवहीत जातं. ती कोणीही वाचू शकतं आणि हल्लेखोर ती वाचतातच. नव्या उपडोमेनवर प्रमाणपत्र लावल्यानंतर काही मिनिटांतच लॉगमध्ये अनोळखी ठोठावणं सुरू झालेलं मी पाहिलंय, ते नाव तोवर मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

करायचं ते असं. वायरगार्ड बसवा. ते लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नलमध्येच, आहे, मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ पासून. सातही सर्व्हर आणि तुम्हा तिघांचे लॅपटॉप एका खासगी जाळ्यात आणा, प्रत्येकाला खासगी पत्ता द्या. मग कॉकपिटच्या सॉकेटला सांगा की फक्त त्या खासगी पत्त्यावरच कान दे. सिस्टिमडीमध्ये सॉकेटसाठी वरून एक छोटी फाईल जोडायची आणि तिच्यात ‘लिसनस्ट्रीम’ ही ओळ दोनदा लिहायची: आधी रिकामी, मग पत्ता आणि पोर्टसह. रिकामी ओळ विसरलात तर जुना पत्ताही चालूच राहतो आणि आपल्याला वाटतं दार बंद झालं. तिथेच ‘फ्रीबाइंड’ची ओळही होकारार्थी करून ठेवा. नाहीतर सर्व्हर रीबूट झाल्यावर वायरगार्ड उठायच्या आत सॉकेट तो पत्ता मागतो, पत्ता अजून आलेला नसतो, आणि कॉकपिट चालू होत नाही. हे नेमकं तेव्हाच कळतं जेव्हा अचानक रीबूट झालेल्या सर्व्हरवर तुम्हाला घाईने जायचं असतं.

वायरगार्ड सध्या जमणार नसेल तर एसएसएचची पोर्ट फॉरवर्डिंग पुरते. कॉकपिट सर्व्हरच्या आतल्या १२७.०.०.१ या पत्त्यावर ठेवा, एसएसएचने आपल्या लॅपटॉपचं एक पोर्ट तिथे जोडा, आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट उघडा. तुम्हाला हे सोपं जाईल. सहकाऱ्यांना रोज जमणार नाही, म्हणून मी वायरगार्ड म्हणतो: एकदा बसवून दिलं की त्यांना फक्त एक बटण चालू करायचं असतं.

प्रमाणपत्राचंही बघा. कॉकपिट सुरुवातीला स्वतःच सही केलेलं प्रमाणपत्र वापरतं आणि ब्राउझर लाल इशारा दाखवतो. तुम्ही तिघं रोज सात वेळा तो इशारा ओलांडत राहिलात तर ज्या दिवशी तो खरा असेल त्या दिवशीही ओलांडाल. खासगी जाळ्यासाठी आपलं छोटं प्रमाणपत्र-केंद्र बनवून तिन्ही लॅपटॉपवर विश्वासाने नोंदवा. एका दुपारचं काम आहे.

डॉकरच्या सर्व्हरबद्दल वेगळा इशारा, कारण इथे जाणकारही फसतात. तुम्ही तिथे पोर्टेनर हे डॉकरचं वेब पॅनल बसवाल, चांगलं आहे, त्याचं पोर्ट ९४४३. उबुंटूवर यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू असेल, त्यात ९४४३ ला परवानगी दिलेली नसेल, आणि तुम्ही निश्चिंत असाल. पण डॉकर कंटेनरचं पोर्ट प्रसिद्ध करताना (बाहेरून पोहोचता येईल असं उघडताना) आयपीटेबल्समध्ये, म्हणजे कर्नलच्या फायरवॉल नियमांत, स्वतःचे नियम घालतो आणि ती रहदारी यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोहोचतच नाही. यूएफडब्ल्यूची स्थिती विचारलीत तर सगळं बंद दिसतं आणि बाहेरून पान उघडतं. म्हणून पोर्ट प्रसिद्ध करतानाच त्याच्या आधी खासगी पत्ता लिहा, म्हणजे ते फक्त त्या पत्त्यावर उघडेल. आणि खात्री सर्व्हरवर बसून करू नका, मोबाइलच्या इंटरनेटवरून सार्वजनिक आयपी टाकून बघा. आणखी एक: पोर्टेनरला डॉकरचा सॉकेट दिलेला असतो, आणि ज्याच्या हातात डॉकरचा सॉकेट त्याच्या हातात रूट. तो नवा कंटेनर बनवून त्यात सर्व्हरची अख्खी डिस्क जोडू शकतो. तेव्हा पोर्टेनरचं प्रशासक खातं देताना रूटचा पासवर्ड देतोय असं समजूनच द्या.

ब्राउझरमध्ये नुसतं टर्मिनल हवं असेल तर टीटीवायडीसारखी छोटी टूल्स आहेत. मला त्यांची गरज क्वचितच पडते, कॉकपिटमध्येही टर्मिनल असतंच. बाहेरच्या कंत्राटी माणसाला ठरावीक सर्व्हरवर ठरावीक काळ प्रवेश द्यायचा असेल तर मात्र अपाची ग्वाकामोले पाहा. ब्राउझरमधून एसएसएच, तसंच व्हीएनसी आणि आरडीपी (दूरचा डेस्कटॉप पाहायच्या पद्धती) तिन्ही चालतं, त्या माणसाला की किंवा पासवर्ड कळतही नाही, आणि त्याने काय केलं त्याचं चित्रण ठेवता येतं.

सातही सर्व्हर एकाच पानावर दिसावेत ही तुमची इच्छा मला समजते. कॉकपिटमध्ये पूर्वी ते सर्रास करता यायचं: एका सर्व्हरवर लॉगइन करून यादीतून बाकीच्यांवर उडी. २०२४ मध्ये प्रकल्पाने ती सोय लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांसाठी मूळ सेटिंगमध्ये बंद केली. कारण पटण्यासारखं आहे. वेगवेगळ्या सर्व्हरकडून आलेली जावास्क्रिप्ट एकाच ब्राउझर सेशनमध्ये चालते, म्हणून एक सर्व्हर फुटला तर त्याची पानं तुमच्या नावाने बाकीच्या सहांवर आज्ञा चालवू शकतात. सेटिंग बदलून ती पुन्हा चालू करता येते, पण करू नका. सात बुकमार्क ठेवा, नाहीतर कॉकपिट क्लायंट हे डेस्कटॉपवरचं अॅप लॅपटॉपवर घ्या. आणि सगळ्यांची तब्येत एका नजरेत पाहायची असेल तर ते काम देखरेखीच्या टूलला द्या. नेटडेटा किंवा प्रॉमिथिअस-ग्राफाना माहिती गोळा करून दाखवतात, सर्व्हरला हात लावायचा अधिकार त्यांना लागत नाही. पाहण्याचं टूल आणि बदलण्याचं टूल वेगळं असलेलं बरं.

सातही सर्व्हरवर तोच बदल करायचा असेल, उदाहरणार्थ नवा युजर किंवा वेळेची सेटिंग, तर ब्राउझरमध्ये सात वेळा क्लिक करत बसू नका. पाचव्या सर्व्हरला एखादी पायरी सुटते. अॅन्सिबल (एकच बदल अनेक सर्व्हरवर करणारं टूल) शिका, त्याला सर्व्हरवर वेगळं काही बसवायला लागत नाही, एसएसएच आणि पायथन पुरतं. एसएसएच ठेवा म्हणालो त्याला हेही एक कारण आहे.

आणखी एक कारण एका प्रसंगातून सांगतो. एका सर्व्हरवर पॅनलचं लॉगइन पान दिसायचं, पासवर्ड घेतला जायचा, आणि पुन्हा लॉगइनचंच पान यायचं. चुकीचा पासवर्ड असा संदेशही नाही. तिथल्या माणसाने तीनदा पासवर्ड बदलायचा प्रयत्न केला होता. एसएसएचने आत गेलो, ‘डीएफ’ (डिस्क किती भरली ते सांगणारी आज्ञा) चालवलं: मूळ डिस्क १०० टक्के. पॅनल साध्या युजरच्या नावाने चालत होतं आणि त्याला सेशनची फाईल लिहायला जागाच नव्हती. एक्स्ट४ या लिनक्सच्या डिस्क-मांडणीत मूळ सेटिंगप्रमाणे ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवलेली असते, म्हणून रूटची कामं अजून चालत होती. एका प्रोग्रामचा लॉग फुगला होता. तिथल्या माणसाने तो आधीच पुसला होता, तरी जागा मोकळी झाली नव्हती. ‘एलएसओएफ’ या आज्ञेने पुसलेल्या पण उघड्या फायली पाहिल्या तर तोच लॉग: फाईल यादीतून गेली होती, पण प्रोग्रामने ती धरून ठेवली होती, आणि धरलेली फाईल डिस्क सोडत नाही. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली, जागा लगेच मोकळी झाली, पॅनल उघडलं. सगळं मिळून दहा मिनिटं. एसएसएच बंद असतं तर सर्व्हर पुरवणाऱ्याच्या आणीबाणीच्या कन्सोलवरून जावं लागलं असतं. त्या कन्सोलचं लॉगइन चालतं का, हेही सातही सर्व्हरसाठी आजच तपासून ठेवा.

सहकाऱ्यांना प्रत्येकाला स्वतःचं खातं द्या. तिघांत एक रूटचा पासवर्ड फिरवू नका. कॉकपिटमधली कामंही त्या त्या युजरच्या नावाने होतात, त्यामुळे कोण केव्हा आत आलं आणि कोणी सुडो वापरलं ते जर्नलमध्ये (सिस्टिमडीच्या नोंदवहीत) राहतं. डेटाबेसची सर्व्हिस काल संध्याकाळी कोणी रीस्टार्ट केली हे विचारायची वेळ येते तेव्हा त्या नोंदी पाहून दोन मिनिटांत उलगडा होतो, आणि कोणावर उगाच संशय जात नाही.

सुरुवात बॅकअपच्या सर्व्हरपासून नको, तो शेवटी घ्या. त्यावर पॅनल नसलं तरी चालेल, उलट नसलेलंच बरं: बाकीचे सहा हातचे गेले तर तोच कामी येणार आहे. पहिला सर्व्हर म्हणून एक रॉकी घ्या, कारण तिथे कॉकपिट सगळ्यात सुरळीत चालतं. आठवडाभर तिघांनी वापरा, मग उबुंटूकडे वळा. उबुंटूवर पहिल्याच दिवशी बहुधा एक अडचण येईल: सॉफ्टवेअर अपडेटच्या पानावर सर्व्हर ऑफलाइन असल्यामुळे यादी ताजी करता येत नाही असा संदेश, इंटरनेट उत्तम चालू असतानाही. घाबरू नका आणि नेटवर्कची मोडतोड करू नका. अपडेट पाहणारं पॅकेजकिट ‘नेट आहे का’ हे नेटवर्कमॅनेजरला विचारतं, आणि तुमचं कार्ड त्याच्या ताब्यात नसल्यामुळे तो ‘नाही’ म्हणतो. नेटवर्कमॅनेजरमध्ये एक डमी (नावापुरता) इंटरफेस बनवून त्याला एखादा कुठेही न वापरलेला पत्ता आणि गेटवे दिला की ते पान चालायला लागतं. कॉकपिटच्या स्वतःच्या साइटवर, नेहमीच्या प्रश्नांच्या पानावरही हाच उपाय दिलेला आहे.